पाठ टेकल्यावर

पहाटेचे चार वाजलेत. तिगावच्या फलाटावर तू पाय पसरून बसला आहेस. काल पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा बेगड अजून गल्लीत पडलाय आणि तुझ्या तोंडाला मोहाच्या दारूचा आंबूस वास आहे. आज पांढुर्ण्याला गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतील, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि संध्याकाळपर्यंत गोटे उडतील. दरवर्षी तू जातोस. या वर्षी तुझ्या बोटांना काडी धरवत नाही. तीन काड्या मोडल्या, बिडी पेटली नाही. चौथी मी पेटवून दिली.

रात्री दोन वाजता तुझी बायको माझ्या दारात आली, म्हणून मी तुला शोधत इथवर आलो. आपण एका वर्गात होतो. माझी कंबर तुझ्या मांडीएवढी होती, आणि तू शड्डू ठोकलास की समोरच्याचे पाय जड व्हायचे. नरखेड, काटोल, वरूड, मुलताई, जिथे दंगल तिथे तुझं नाव. आखाड्याच्या दारात उस्ताद उभा असायचा. नवा असो की जुना, प्रत्येकाला त्याचं पहिलं वाक्य एकच: "चप्पल बाहेर काढ." मग मातीला हात लावून कपाळाला. मग जोर.

आठवतो का तुला तो सापवाला? गावात केबल आली तेव्हा आपण दहा वर्षांचे होतो. एका घरात एक टीव्ही, त्याच्यासमोर पंधरा पोरं. काळ्या मिशांचा, उंच, हळू बोलणारा तो माणूस पाठीवर पिशवी टाकून यायचा. रिंगणाच्या कोपऱ्यात ती ठेवायचा. पिशवी वळवळायची. जेक द स्नेक रॉबर्ट्स. पहिलवानांच्या चित्रांच्या पत्त्यांमध्ये तू अंडरटेकरचा पत्ता देऊन सापवाल्याचा घेतला होतास आणि सगळे तुला वेड्यात काढत होते.

मुलताईकडून घाट उतरत मालगाडी येते आहे. तिचा दिवा वळणावर दिसला की डोळे मीट. मी हात धरतो. ही गाडी आज नागपूरला जाणार नाही.

डोळे उघड. 1955 चा मे महिना. टेक्सास राज्यातलं गेन्सव्हिल गाव. ऊन तुझ्या ओळखीचं आहे. हा मुलूखही कापसाचा, आपल्या सौंसरसारखा. तिकडे तिगावात याच दिवसांत कुणी राजधानीला जातो म्हटलं तर नागपूरला जातो. भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी व्हायला अजून दीड वर्ष आहे. 30 मे ला इथे एक मूल जन्मलं. नाव बापाचंच ठेवलं, ऑरेलियन स्मिथ. हाच पुढे आपला सापवाला, जेक. बाप जवळपास सात फुटांचा, पुढे रिंगणात उतरला तो ग्रिझली स्मिथ म्हणून. ग्रिझली म्हणजे तिकडचं थोरलं अस्वल.

त्या घरात आत जाऊ नकोस, उंबऱ्याशीच थांब. आत काय घडलं ते या मुलाने मोठेपणी स्वतः जाहीर सांगितलंय: लहान वयात घरातल्याच मोठ्या माणसाकडून लैंगिक अत्याचार, आणि घरात कधी नसलेला बाप. 1979 मध्ये त्याच्या बहिणीला पळवून नेऊन मारण्यात आलं. बापाच्या नजरेत भरावं ही त्याची भूक होती, आणि त्या भुकेनेच तो बापाच्या धंद्यात उतरला. तू उतरलास तेव्हा तुझा बाप दंगलीत फेटा उडवायचा. याच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

दारू पिणाऱ्याला लोक विचारतात, का पितोस. त्याच्या आधी काय झालं ते विचारत नाहीत. दुःख आहे म्हणून पिणं माफ, असं मला म्हणायचं नाही. जेकच्या लेकरांनी पुढे काय सोसलं ते तुला थोड्या वेळाने दिसणारच आहे.

चल, चढ.

1980 चं दशक नुकतंच सुरू झालंय. एका छोट्या रिंगणात जेकने समोरच्याची मान काखेत दाबून धरली आहे. त्या पहिलवानाचा पाय याच्या पायावर पडतो, तोल जातो, दोघं मागे कोसळतात आणि समोरच्याचं डोकं आधी खाली आपटतं. लोक श्वास रोखतात. अपघातातून डाव सापडला! डीडीटी म्हणतात त्याला. तू आणि मी तो डाव शाळेच्या मैदानात वाळूवर करायचो आणि गुरुजींचा मार खायचो. उस्तादालाही कळलं होतं. तो म्हणाला होता, "मान मोडायचा डाव हा डाव नसतो रे बापा. पाठ लावायची अस्ते, मान नाही."

आता 1986 आणि 1987. जेक टीव्हीवर कुस्त्या दाखवणाऱ्या मोठ्या कंपनीत आलाय. इथे थांबू या, इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे.

तू टीव्हीसमोर ओरडायचास, "हे सगळं नूरा आहे!" ज्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला ती नूरा, आणि खऱ्या पहिलवानाला त्या शब्दाची चीड. तुझं बरोबर होतं. इथे कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. पण आता रिंगणाच्या अगदी कडेला उभा राहा आणि तो पडतो तेव्हाचा आवाज ऐक. खाली लोखंडी सांगाडा, त्याच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळ गादी, वर ताणलेलं कापड. आपली माती खणलेली असते, तिच्यात तेल, ताक, हळद, कापूर जिरवलेला असतो. ती अंग झेलते. ही फळी झेलत नाही. निकाल ठरलेला, पडणं खरं.

आणि हे रोज. त्या काळचे पहिलवान स्वतः सांगतात की वर्षातल्या तीनशेच्या आसपास रात्री ते रस्त्यावर असायचे. आज एक शहर, रात्री गाडी हाकत दुसरं शहर, सकाळी विमान, संध्याकाळी पुन्हा फळीवर पाठ. आपल्याकडे दंगल संपली की पहिलवान गावी येतो, आई तेल लावते, चार दिवस अंग शेकतो. यांना गावच नव्हतं. कागदोपत्री ते कंपनीचे नोकरही नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते. खेळलास तर पैसे. दुखलं म्हणून घरी बसलास तर तुझ्या जागी दुसरा उभा. मला या व्यवस्थेचा राग येतो. माणसाच्या अंगावर कोट्यवधी कमवायचे आणि अंग मोडलं की ते त्याच्या एकट्याचं, हा कसला हिशेब?

1987 च्या सुरुवातीला हाँकी टाँक मॅन नावाच्या पहिलवानाने त्याच्या डोक्यात गिटार घातली. गिटार फोडायची हे ठरलेलंच होतं. पण ती सहज फुटेल अशी करून ठेवली नव्हती आणि मान कायमची दुखावली, असं जेक सांगतो. 29 मार्चला तो त्याच माणसाशी लढायला पाँटिअॅकच्या मैदानात उभा आहे. बघ समोर. कंपनीने त्या दिवशीचा आकडा जाहीर केला 93,173. पांढुर्ण्याचं सगळं गोटमार मैदान डोळ्यांपुढे आण, आणि तो गोंगाट छपराखाली कोंडलाय असं समज. पिशवीतून अजगर निघतो. लोक वेडे होतात. आणि तू, पहिलवान असल्यामुळे, लोकांना दिसत नाही ते बघतोस: तो मान वळवत नाही, खांद्यासकट सगळा वळतो.

सामन्यानंतर खोलीत ये. सकाळी उठायला एक गोळी, रात्री झोपायला दुसरी. दोन्हींच्या मध्ये दारू. पुढे कोकेन. कुणी त्याच्यावर जबरदस्ती केली नाही, आणि कुणी हात धरलाही नाही. उद्याचा सामना होता, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

तुझा गुडघा आठव. दंगलीत एकचाक डाव लागता लागता वाकडा झाला होता. कुणीतरी म्हणालं होतं, "एक मार, दुखणं राहत नाही." राहिलं नाही खरंच, त्या रात्री.

1992 मध्ये त्याने मोठी कंपनी सोडली. तू आणि मी तेव्हा त्याला ओळखतही नव्हतो. आपल्या गावात तो आला तोवर त्याचा सूर्य उतरला होता, हे आपल्याला कुठे माहीत.

1996 चा थांबा कडू आहे, पण बघायलाच हवा. तो परत आला, हाती बायबल, दारू सुटलेला माणूस म्हणून. आणि त्याच्या सुटण्याचंच नाटक करून विकायला काढलं. 18 ऑगस्टला क्लीव्हलँडमध्ये जेरी लॉलर नावाचा पहिलवान त्याला पाडतो आणि व्हिस्कीची बाटली त्याच्यावर ओततो. सगळं ठरलेलं. पण व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडावर दारू ओतायची, ही कल्पना कुणीही थांबवली नाही. गोटमारीत दगड लागला तर रक्त दिसतं. या दगडाचं दिसलं नाही. तो पुन्हा प्यायला लागला.

1999. बॅरी ब्लॉस्टीनने पहिलवानांवर काढलेला माहितीपट, बियाँड द मॅट. जेक एका खोलीत बसला आहे, बऱ्याच काळाने भेटलेली मुलगी समोर आहे. बापलेकीला एकमेकांशी बोलायला शब्द सापडत नाहीत. नंतर तोच माणूस हॉटेलच्या खोलीत, नशेत, कॅमेऱ्याशी स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतो आहे. तू मान खाली घातलीस. घाल. तुझी मुलगी दहावीला आहे आणि तू आलास की ती पुस्तक उचलून शेजारी जाते, हे मला तुझ्या बायकोने सांगितलं नाही, मी स्वतः पाहिलंय.

त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला मिसिसिपीत जुन्या पहिलवानांचा एक जाहीर कार्यक्रम झाला, थेट प्रक्षेपण. जेक नशेत रिंगणात आला. धड उभं राहवत नव्हतं. लोकांनी पैसे देऊन ते पाहिलं. इथे मी तुला थांबवणार नाही. पुढे 2007 मध्ये जुन्या कंपनीने आपल्या माजी पहिलवानांच्या व्यसनमुक्तीचा खर्च उचलायचं ठरवलं. तोवर फार जण गेले होते. एडी गरेरो तर दारू सोडून चार वर्षं झाली होती तरी 2005 मध्ये हृदय बंद पडून गेला; शरीर जुना हिशेब विसरत नाही. जेकनेही ते उपचार घेतले. पुन्हा घसरला.

2010 मध्ये बाप गेला.

आता उतर. 2012, शरद ऋतू, अटलांटा शहराजवळचं एक घर. दार उघडणाऱ्या माणसाचं नाव पेज. रिंगणातला डायमंड डॅलस पेज. पस्तिशी गाठल्यावर हा पहिल्यांदा कुस्तीत उतरला. या वयात कुणी शिकवत नाही. जेकने शिकवलं. म्हणजे जेक त्याचा उस्ताद. पुढे 1998 मध्ये पेजच्या पाठीचे मणके गेले, तेव्हा नाइलाजाने तो योगासनांकडे वळला, त्यात जुने व्यायाम मिसळून त्याने स्वतःची एक पद्धत बसवली आणि पुन्हा रिंगणात उभा राहिला. आता चेल्याने उस्तादाला घरी आणलंय.

बघ त्याला. पोट सुटलंय, चेहरा सुजलाय, थोड्या हालचालीनेही दम लागतो. पेज जमिनीवर चटई टाकतो. या घराचे नियम साधे: दारू नाही, सकाळी व्यायाम, जेवायला काय आहे ते पेज ठरवणार, आणि जिथे जाशील तिथे कुणीतरी सोबत. कॅमेरा घेतलेला स्टीव्ह यू हे सगळं टिपतो आहे. 2015 मध्ये त्याचा माहितीपट लोकांसमोर येईल.

तुला हे घर ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. ही तालीम आहे. पहाटे उठवणारा कुणीतरी, ठरलेला खुराक, ठरलेले जोर, आणि खोटं बोललास तर अंगावर येणारा माणूस. तू आखाड्यात होतास तेव्हा पंधरा वर्षं तुला विडीचाही वास नव्हता. लोक म्हणायचे, काय मनाचा पक्का! मन तेव्हाही तुझं इतरांसारखंच होतं. पक्का होता तो आखाडा. तो सुटला आणि सहा महिन्यांत तू स्टेशनमागच्या गुत्त्यावर दिसायला लागलास.

व्यायाम संपतो. जेक चटईवर उताणा पडतो. हात बाजूला, तळवे आकाशाकडे, डोळे मिटलेले. तुझ्या अंगावर शहारा आला. पहिलवान उताणा! आपल्याकडे दोन्ही खांदे मातीला लागले की ढोल वाजतो आणि संपलं. अरे, पण जामसावळीला जाऊन आलास ना किती वेळा? सौंसरजवळ पिंपळाखाली तो हनुमान कसा आहे? निजलेला. पहिलवानांचा देव तिथे आडवा आहे, आणि लोक डोक्याने, मनाने मोडलेल्या आपल्या माणसांना धरून त्याच्याच पायाशी आणतात.

1935 मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावात दोन दारुडे भेटले होते, एक शेअर बाजारातला, एक डॉक्टर. त्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. तिची पहिली पायरी हीच: दारूपुढे माझं चालत नाही, माझी पाठ लागली, हे कबूल करणं. तू आजवर ते कबूल केलं नाहीस. पडलेला असतानाही तू मान वळवून पंचांना सांगत असतोस की एक खांदा अजून वर आहे.

जेक इथेही घसरला. एकदा नव्हे. पेज चिडला, ओरडला, दोघं भांडले. ऐक ते भांडण, कान झाकू नकोस. दार मात्र उघडं राहिलं. आणि 2013 मध्ये त्याच दारातून आणखी एक जण आत आला, धड चालताही येत नसलेला. ओळख पाहू. दातात काडी धरणारा रेझर रेमन! स्कॉट हॉल. 20 मार्च 1994 ला शिडीवरून कुस्ती खेळलेला. दारूने आणि गोळ्यांनी त्याचं पार पाणी केलंय. जेक त्याच्याकडे बघतो. काही महिन्यांपूर्वी तो असाच आत आला होता.

दुसऱ्या दिवशी चटया दोन. हॉलला जमत नाही तेव्हा जेक थांबतो, जेकला राग येतो तेव्हा हॉल काहीतरी बोलतो. कुस्तीला जोड लागते, तू एकटा कितीही जोर मार. जेकच्या खांद्याचं आणि हॉलच्या खुब्याचं ऑपरेशन करायला पैसे नव्हते. कधीकाळी टीव्हीसमोर बसलेल्या जगभरच्या पोरांनी, आता संसाराला लागलेल्या, वर्गणी भरून ती ऑपरेशनं केली.

हे अमेरिकेचं झालं, असं म्हणशील. म्हणून गाडी आता उलटी फिरवतो.

29 ऑगस्ट 1986. पुणे, येरवडा. मनोरुग्णालयाच्या आवारातली एक इमारत. याच वर्षी जेक त्या मोठ्या कंपनीत शिरला होता. तू दोन वर्षांचा, पोळ्याला तान्ह्या बैलामागे दुडदुडणारा. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादी लागलेल्या पोरांवर लेखक अनिल अवचट यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हलले आणि त्यांनी एक लाख रुपये पुढे केले. याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी ते काम हातात घेतलं. पाटी लागली: मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. ये आत.

इथे आलेल्याला आधी डॉक्टर बघतो. हे नीट ऐक, कारण हे तुझ्या थरथरणाऱ्या हातांबद्दल आहे. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं की काहींना फिट येते, काहींना भिंतीवर नसलेली माणसं दिसतात, जीवही जातो. म्हणून कोंडून घेऊन, मनाचा हिय्या करून, एकट्याने घरी सोडायची नसते. गेल्या वर्षी तू नवरात्रात सोडलीस आणि तिसऱ्या रात्री ओसरीवर किंचाळत सुटलास. गाव म्हणालं, बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नव्हतं. औषध देऊन, लक्ष ठेवून ते दिवस काढावे लागतात. मग पस्तीस दिवसांचा मुक्काम: पहाटे उठणं, प्रार्थना, योग, कामं, गटात बसून बोलणं. समोर बसून तुला ऐकणारा कार्यकर्ता बहुतेक वेळा स्वतः कधीतरी इथेच दाखल झालेला असतो. त्याला थाप मारता येत नाही. तुझ्या सगळ्या थापा त्याने आधी मारलेल्या असतात. बायकांसाठी वेगळा गट आहे, सहचरी. तुझ्या बायकोलाही कुणीतरी ऐकायला हवं, हे तुझ्या कधी मनात आलं नाही. खरं सांगू, मलाही काल रात्री दोनपर्यंत आलं नव्हतं.

अनिताताई 1997 मध्ये कर्करोगाने गेल्या. अनिल अवचट 2022 च्या जानेवारीत. मुक्तांगण चालू आहे.

आता एकच थांबा उरलाय. 6 जानेवारी 2014, बाल्टिमोर. अंधारातून ती ओळखीची धून वाजते. रिंगणाच्या वाटेवर जेक उभा आहे, पांढरी दाढी, सरळ पाठ, खांद्यावर पिशवी. तू माझा हात इतका घट्ट दाबलास की दुखला. तो रिंगणात येतो आणि खाली पडलेल्या पोरावर साप सोडतो, आपण दहा वर्षांचे असताना सोडायचा तसाच. नूराच आहे ते. रड तू, मी तिकडे बघतो.

तीन महिन्यांनी, 5 एप्रिलला, न्यू ऑर्लीन्समध्ये त्याचं नाव कंपनीच्या मानकऱ्यांत घेतलं गेलं. व्यासपीठावर त्याची ओळख करून द्यायला पेज. त्याच रात्री स्कॉट हॉलचाही मान झाला. दोघेही आपल्या पायांवर चालत गेले. गोष्ट इथे थांबवली असती तर सिनेमा झाला असता. पण त्याच वर्षी जेकला कर्करोग निघाला, त्यातून तो उठला. हॉल पुढेही झगडत राहिला. 2022 च्या मार्चमध्ये खुब्याच्याच एका ऑपरेशननंतर तो गेला, 63 वर्षांचा होता. मला तो हरलेला वाटत नाही. 2013 मध्ये जो माणूस दारातून आत येताना दिसला, त्याला त्याच्यापुढे नऊ वर्षं मिळाली. मुलाबाळांत बसायला नऊ वर्षं म्हणजे काय, ते तुझ्या मुलीला विचार.

गाडी गेली. फलाट हलायचा थांबला. पूर्वेकडे संत्र्यांच्या बागांवर फटफटलंय. पांढुर्ण्याकडे निघालेली पोरं सायकलींवरून ओरडत चालली आहेत, एकाने तुला हाक मारली, "पहेलवान, येता का?" तू उत्तर दिलं नाहीस.

बऱ्याच वेळाने तू विचारलंस, "उस्ताद हाय का घरी?"

"आहे. अजून पाचला उठतो."

"तोंडाले वास येऊन राह्यला माह्या."

"येऊ दे."

"अन् डॉक्टर?"

"दहा वाजता. मी येतो सोबत. मग पुढचं तिथे ठरवू, नागपूर की पुणे."

तू उठलास. एकदा तोल गेला, माझा खांदा धरलास. रेल्वेच्या कडेकडेने, पिठाच्या गिरणीवरून, शाळेमागून आपण चाललोय. आखाड्याचं दार उघडं आहे. आत माती वाळून दगड झाली आहे, एका कोपऱ्यात फावडं भिंतीला टेकवलेलं. उस्ताद ओट्यावर बसला आहे, पाठ पार वाकलीये, डोळ्यांवर जाड चष्मा. आपली चाहूल लागून त्याने मान वर केली. तुझ्याकडे बघितलं. वास त्याच्यापर्यंत पोचला असणार. तू दारातच थांबलास, हात दोन्ही खिशांत लपवून.

तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, "चप्पल बाहेर काढ."